कार्ड नाकारलेल्यांचं ग्रंथालय

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एक ग्रंथालय आहे. तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या विद्यार्थिदशेतल्या उत्तरपत्रिका जपून ठेवल्या आहेत. त्याच छताखाली टुपाक शकूर या रॅप गायकाच्या हस्ताक्षरातल्या गाण्यांचे कागदही आहेत. एक धर्मोपदेशक, दुसरा रस्त्यावरचं जगणं गाण्यात आणणारा तरुण. एकाचा खून १९६८ साली मेम्फिसमध्ये झाला तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. दुसऱ्याला १९९६ साली लास व्हेगसमध्ये गोळ्या घातल्या गेल्या, तो जेमतेम २५ वर्षांचा. दोघांचीही खाडाखोड, वर-खाली काढलेले बाण, समासातली टिपणं सारख्याच निगुतीनं आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत ठेवलेली आहेत.

या ग्रंथालयाचं नाव रॉबर्ट डब्ल्यू. वुडरफ ग्रंथालय. अटलांटात या नावाची दोन ग्रंथालयं आहेत. एमरी विद्यापीठाचं त्यातलं अधिक श्रीमंत. मी सांगतोय ते दुसरं, शहराच्या पश्चिमेला, अटलांटा युनिव्हर्सिटी सेंटरच्या आवारातलं. ते एका महाविद्यालयाचं नाही, चौघांचं आहे: क्लार्क अटलांटा विद्यापीठ, मुलांचं मोरहाउस कॉलेज, मुलींचं स्पेलमन कॉलेज आणि इंटरडिनॉमिनेशनल थिऑलॉजिकल सेंटर ही धर्मशिक्षणाची संस्था. चारही संस्था शेजारी शेजारी, चारही कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या. आणि ग्रंथालय म्हणाल तर यांच्यापैकी कुणाच्याच मालकीचं नाही. ते स्वतःच एक स्वतंत्र ना-नफा संस्था आहे, त्याला स्वतःचं संचालक मंडळ आहे.

ऐकायला ही कारभाराची कोरडी बाब वाटते, पण तिच्यात मोठं शहाणपण आहे. महाविद्यालयाची ओळख, त्याचा मान, त्याची प्रतिष्ठा बऱ्याच अंशी ग्रंथालयावर टिकलेली असते. एकमेकांशी चुरस असलेल्या संस्थांनी आपापली पुस्तकं आणि आपापला अभिमान एका इमारतीत आणून ठेवायचा, आणि किल्ली आपल्यापैकी कुणाकडेच ठेवायची नाही, हे सोपं नसतं. १९८२ साली ही इमारत उघडली तेव्हा तर भागीदार सहा होते. अटलांटा विद्यापीठ आणि क्लार्क कॉलेज १९८८ मध्ये एक झाले. मॉरिस ब्राउन कॉलेजची मान्यता २००२ मध्ये गेली आणि त्याची वाट वेगळी झाली. ग्रंथालय मात्र टिकलं. २०१६ साली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेनं आपला उत्कृष्टतेचा पुरस्कार याच ग्रंथालयाला दिला. तोवर तो कुठल्याही ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या वाट्याला आला नव्हता.

‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालय’ ही अमेरिकेच्या कायद्यातली संज्ञा आहे. १९६४ च्या आधी, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली संस्था, असा तिचा अर्थ. अशा संस्था आज शंभरच्या आसपास आहेत. त्यांची मुळं ज्या मातीत आहेत ती माती आधी पाहायला हवी. जॉर्जिया राज्यानं १८२९ मध्ये कायदा केला होता. गुलामाला, इतकंच काय गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीयालाही, वाचायला-लिहायला शिकवणं हा त्यानुसार गुन्हा होता आणि त्याला दंड व फटके अशी शिक्षा होती. त्याच जॉर्जियात १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्या संपल्या शाळा सुरू झाली. तिचे पहिले वर्ग चर्चमध्ये आणि रेल्वेच्या एका मालडब्यात भरले. त्याच शाळेचं पुढे अटलांटा विद्यापीठ झालं. स्पेलमनचा पहिला वर्ग १८८१ मध्ये एका चर्चच्या तळघरात भरला. कालपर्यंत जे शिकणं गुन्हा होतं, ते शिकायला माणसं मालडब्यात आणि तळघरात दाटीवाटीनं बसत होती. आपल्याकडे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा ही शाळा आठ वर्षांची होती.

पण शाळा मिळाली म्हणून पुस्तक मिळालं असं झालं नाही. १९०२ मध्ये अटलांटात उद्योगपती कार्नेगींच्या देणगीतून सार्वजनिक ग्रंथालय उघडलं. कृष्णवर्णीयांना आत प्रवेश नव्हता. अटलांटा विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस शिष्टमंडळ घेऊन विश्वस्तांकडे गेले. आम्हीही कर भरतो, मग दार बंद का, हा त्यांचा प्रश्न होता. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन, अमेरिकेतल्या शास्त्रशुद्ध समाजशास्त्राच्या आद्यांपैकी एक, आणि त्याला स्वतःच्या शहराच्या ग्रंथालयात पाऊल टाकता येत नव्हतं. तुमच्यासाठी वेगळी शाखा काढू, असं उत्तर मिळालं. ती शाखा ऑबर्न अव्हेन्यूवर उघडली १९२१ मध्ये.

मुख्य ग्रंथालयाचं दार १९५९ पर्यंत बंद होतं. ते कसं उघडलं ते मोठं रम्य आहे. इतिहासकार हॉवर्ड झिन तेव्हा स्पेलमनमध्ये शिकवत होते. त्यांनी लिहून ठेवलंय की विद्यार्थिनी जायच्या आणि मागायच्या काय, तर जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा ग्रंथ, जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरचा निबंध, टॉमस पेनचं ‘कॉमन सेन्स’. तुमच्या शाखेत पाठवतो, असं काउंटरवरून सांगितलं जायचं. स्वातंत्र्यावरचं पुस्तक मागायचं आणि ते हातात देता येत नाही हे समोरच्याला दर वेळी तोंडानं म्हणायला लावायचं! मे १९५९ मध्ये अखेर पहिलं कार्ड निघालं ते आयरीन डॉब्स जॅक्सन यांच्या नावे. या बाई स्पेलमनमध्ये फ्रेंच शिकवत आणि फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांच्याकडे होती. त्यांचा मुलगा मेनार्ड जॅक्सन पुढे अटलांटाचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला.

या पार्श्वभूमीवर त्या आवारातल्या सामाईक ग्रंथालयाकडे पाहावं. ही कल्पना १९८२ ची नव्हे, तिच्याही आधीची. १९२९ मध्ये अटलांटा विद्यापीठ, मोरहाउस आणि स्पेलमन यांनी आपसांत करार केला. विद्यापीठानं पदव्युत्तर शिक्षण पाहायचं, दोन्ही कॉलेजांनी पदवीपर्यंतचं. तीन वर्षांनी, १९३२ मध्ये, त्यांच्या मधोमध ट्रेव्हर आर्नेट ग्रंथालय उभं राहिलं. शहराचं दार बंद होतं, म्हणून एकमेकांची दारं उघडावी लागली. गरिबीही होतीच. एकट्यानं घेता येणार नाही ते तिघांनी मिळून घ्यायचं, हा हिशेब त्यामागे होता. पण तो हिशेब पुढे इतका फळला की त्याला नुसती काटकसर म्हणणं मला पटत नाही.

त्या जुन्या ग्रंथालयाच्या भिंतींवर १९५०-५१ मध्ये चित्रकार हेल वुडरफ यांनी सहा मोठी भित्तिचित्रं केली. आफ्रिकी कलेचा प्रवास हा त्यांचा विषय. (आजच्या ग्रंथालयाचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते वुडरफ वेगळे, त्यांचा यांच्याशी संबंध नाही.) त्यातलं एक चित्र पाहताना छातीत कळ येते. युरोपीय सैनिक आफ्रिकी कलावस्तू लुटताहेत, जाळताहेत. पुस्तक घ्यायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला या चित्रांखालून जावं लागे. जे जळलं, जे लुटलं गेलं, त्याची आठवण डोक्यावर, आणि जे उरलं ते खाली कपाटांत. ग्रंथालयाच्या भिंतीवर याहून नेमकं चित्र असू शकेल असं मला वाटत नाही.

आता जे उरलं ते आलं कुठून, हा खरा नवलाचा भाग. राजेरजवाड्यांनी दिलेला हा संग्रह नाही. हेन्री प्रॉक्टर स्लॉटर हे वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात कंपॉझिटर होते. दिवसभर शिशाचे खिळे जुळवायचे, आणि पगारातून उरलेले पैसे जुन्या पुस्तकांवर घालायचे. पुस्तकं, चोपड्या, पत्रकं, हस्तलिखितं, गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या माणसांची पत्रं. विषय एकच, आपले लोक. घर पुस्तकांनी भरलं. १९४६ मध्ये अटलांटा विद्यापीठानं तो हजारो ग्रंथांचा संग्रह विकत घेतला. ज्या काळात मोठमोठ्या विद्यापीठांना कृष्णवर्णीयांना इतिहास आहे हेच मान्य नव्हतं, त्या काळात एक खिळे जुळवणारा कामगार तो इतिहास पैसा-पैसा करून गोळा करत होता.

हॅरोल्ड जॅकमन हे न्यू यॉर्कमध्ये शाळामास्तर. १९२०-३० च्या दशकांत हार्लेममध्ये कवी, नाटककार, गायक, चित्रकार यांची जी बहर आलेली पिढी होती, तिच्यातल्या बहुतेकांचे ते मित्र. स्वतः त्यांनी नाव घ्यावं असं काही लिहिलं नाही. पण त्यांनी काहीही टाकलं नाही. नाटकाची कार्यक्रमपत्रिका, कार्यक्रमाचं आमंत्रण, मित्राची चार ओळींची चिठ्ठी, वर्तमानपत्रातलं कात्रण, फोटो. १९४२ पासून ते हे सारं अटलांटाला पाठवू लागले, आणि मित्रांनाही पाठवायला लावू लागले. त्यांचा जिवलग मित्र, कवी काउंटी कलन, १९४६ मध्ये वारला तेव्हा त्यांनी संग्रहाला त्याचं नाव दिलं. १९६१ मध्ये ते स्वतः गेले. मग त्यांच्या बहिणीनं, आयव्ही जॅकमन यांनी, ते काम चालू ठेवलं आणि संग्रहाच्या नावात भावाचंही नाव जोडलं गेलं. एका तिकिटाची, एका पत्रिकेची किंमत तेव्हा शून्य होती. आज त्या दिवशी रंगमंचावर कोण होतं, कोणत्या क्रमानं गायलं, हे सांगणारा तोच एक साक्षीदार असू शकतो.

आणि जॉन हेन्रिक क्लार्क. इतिहासकार, हार्लेममधले शिक्षक. त्यांचं बालपण जॉर्जियातल्याच कोलंबस गावी गेलं. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांना प्रवेश नव्हता. क्लार्क यांनी स्वतः सांगितलंय की ते गावातल्या नावाजलेल्या गोऱ्या माणसांच्या नावानं खोट्या चिठ्ठ्या लिहायचे: या मुलाबरोबर अमुक पुस्तक पाठवा. पुस्तक मिळायचं. ज्या राज्यात या मुलाला पुस्तकासाठी दुसऱ्याची सही करावी लागली, त्याच राज्यातल्या या ग्रंथालयात आज एक मोठा संग्रह त्याच्या नावानं आहे.

संग्रह आला म्हणजे तो सांभाळणारे हातही हवेत. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या ग्रंथपालन विद्यालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी हॅम्प्टनला एक विद्यालय होतं, ते १९३९ मध्ये बंद पडलं. मग १९४१ मध्ये अटलांटा विद्यापीठानं स्वतःचं सुरू केलं. पहिल्या प्रमुख एलायझा अ‍ॅटकिन्स ग्लीसन, ग्रंथालयशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. त्यांच्यानंतर व्हर्जिनिया लेसी जोन्स यांनी १९४५ ते १९८१ अशी छत्तीस वर्षं ते विद्यालय चालवलं. त्यांच्या हाताखालून ग्रंथपालांच्या पिढ्या बाहेर पडल्या आणि देशभरातल्या शाळा-कॉलेजांत गेल्या. ते विद्यालय २००५ मध्ये बंद झालं. ही मला मोठी हानी वाटते.

आता किंग यांच्या कागदांची गोष्ट. किंग पंधराव्या वर्षी, १९४४ मध्ये, मोरहाउसला आले आणि १९४८ मध्ये समाजशास्त्र घेऊन पदवीधर झाले. कॉलेजचे अध्यक्ष तेव्हा बेंजामिन मेज होते. किंग त्यांना आपले गुरू मानत. इथे आपल्या वर्ध्याचा धागा येतो. १९३६-३७ च्या हिवाळ्यात मेज हिंदुस्थानात आले होते आणि वर्ध्याजवळ, ज्याला तेव्हा सेगाव म्हणत आणि आज सेवाग्राम म्हणतात तिथे, त्यांनी गांधीजींची दीर्घ मुलाखत घेतली. अहिंसा मोठ्या जनसमुदायाला कशी पेलायची, हे त्यांनी विचारलं आणि जातीबद्दलही विचारलं. म्हैसूर संस्थानातल्या एका शाळेत, अस्पृश्य मानलेल्या मुलांसमोर, मुख्याध्यापकांनी मेज यांची ओळख अमेरिकेतले एक अस्पृश्य अशी करून दिली. मेज यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की आधी त्यांना धक्का बसला, मग जाणवलं की हे खरंच आहे. सात-आठ वर्षांनी याच मेज यांची कॉलेजच्या प्रार्थनासभेतली भाषणं तरुण किंग ऐकत होते. १९५९ मध्ये किंग स्वतः भारतात आले आणि मुंबईत मणिभवनात राहिले. १९६८ मध्ये मोरहाउसच्या आवारात शिष्याच्या अंत्यविधीचं भाषण गुरूला करावं लागलं.

किंग यांच्या पत्नी कोरेटा जानेवारी २००६ मध्ये गेल्या. त्यानंतर कुटुंबाकडचे सुमारे दहा हजार कागद न्यू यॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीला निघाले. ३० जून ही लिलावाची तारीख ठरली. हे कागद १९४४ पासूनच्या आयुष्याचे. परीक्षेचे पेपर, प्रवचनांचे कच्चे खर्डे, बर्मिंगहॅमच्या तुरुंगातल्या पत्राचा मसुदा, नोबेल भाषणाचे खर्डे, तारा, आणि स्वतःच्या हातानं टिपा केलेली सुमारे हजार पुस्तकं. एखादा धनिक हे विकत घेऊन स्वतःच्या तिजोरीत ठेवू शकला असता. अटलांटाच्या महापौर शर्ली फ्रँकलिन यांनी धावपळ केली. या बाईंनी एके काळी महापौर मेनार्ड जॅक्सन यांच्या हाताखाली काम केलं होतं, म्हणजे ज्यांच्या आईनं पहिलं कार्ड मिळवलं त्यांच्याच. कर्ज उभं केलं, देणगीदार जोडले, आणि लिलावाला आठवडा उरला असताना ३ कोटी २० लाख डॉलरना सगळा संग्रह जसाच्या तसा विकत घेतला. मालकी मोरहाउसची, आणि ठेवायची जागा अर्थातच चौघांचं ग्रंथालय.

यात एक बारकावा आहे. कागद मोरहाउसचे, सांभाळ ग्रंथालयाचा, पण त्या कागदांवरच्या शब्दांचा स्वामित्वहक्क किंग यांच्या वारसांकडे. म्हणून अभ्यासक ते वाचू शकतो, पण त्यातला मोठा मजकूर परवानगीविना छापू शकत नाही. अभिलेखागारात काम करणाऱ्यांना कागद, मजकूर आणि हक्क या तीन गोष्टी रोज वेगवेगळ्या हाताळाव्या लागतात.

त्यांचं काम जवळून पाहण्याजोगं असतं. खोका आला की ते लगेच ‘नीट लावत’ नाहीत. आधी पाहतात, मूळ माणसानं कागद कोणत्या क्रमानं ठेवले होते. तो क्रम शक्यतो मोडायचा नाही, कारण कोणत्या पत्राशेजारी कोणतं टिपण होतं यातूनही त्या माणसाचं डोकं कळतं. मग गंजणाऱ्या टाचण्या आणि क्लिपा काढायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा बराच कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं, ते कागदाला आतून खातं, आधी पिवळा आणि मग ठिसूळ करतं. म्हणून तो आम्लमुक्त पाकिटात जातो, पाकीट खोक्यात, खोका थंड आणि कोरड्या खोलीत. प्रकाश शाईचा शत्रू, म्हणून प्रदर्शनातही कुठलाच मूळ कागद फार दिवस ठेवत नाहीत. अटलांटात २०१४ मध्ये उघडलेल्या नागरी व मानवी हक्क केंद्रात किंग यांचे कागद मांडलेले असतात, तेही आलटून-पालटून. पेशवे दफ्तरातले कागद आपण रुमालांत मोजतो, तसे हे लोक संग्रह मोजतात तो कपाटाच्या फळीवर किती फूट लांबी व्यापतो त्यावरून. शेवटी तयार होते ती सूची: कुठल्या खोक्यात, कुठल्या पाकिटात काय आहे. ती नसेल तर दहा हजार कागद असूनही नसल्यासारखे. त्या सूचीमागे कित्येक माणसांची वर्षं जातात आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव क्वचितच असतं.

या ग्रंथालयातलं बरंच साहित्य आता डिजिटल रूपात कुणालाही, कुठूनही, विनाशुल्क पाहता येतं. तरी जमलं तर प्रत्यक्ष जावं. ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे ते रॉबर्ट वुडरफ हे कोका-कोला कंपनीचे अनेक दशकांचे सर्वेसर्वा आणि अटलांटाचे मोठे दाते. आपली अनेक मराठी कुटुंबं अटलांटाला नातेवाइकांकडे गेली की कोका-कोलाचं संग्रहालय आवर्जून पाहतात. तिथून हे आवार जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. हेल वुडरफ यांची भित्तिचित्रं जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत आजही आहेत, त्या इमारतीत आता क्लार्क अटलांटा विद्यापीठाचं कलासंग्रहालय आहे. अस्सल कागद पाहायचे असतील तर अभिलेख विभागाला आधी लिहून वेळ घ्या, काय पाहायचंय ते सूचीतून नेमकं कळवा. आणि बरोबर पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. अभिलेखागारात शाई चालत नाही.